विझ्ना (सप्टेंबर १९३९) : या गावाला ‘पोलंडमधील पावनखिंड’ म्हणावे का?

सह्यवेडा, कोथरूड

सर्व जाणकारांस नमस्कार. आमच्या गिरिभ्रमण गटाची पन्हाळा ते पावनखिंड ही पायी मोहीम नेहमीप्रमाणे जुलैमध्ये निघणार असून, आदल्या रविवारी कर्वे रस्त्यावरील एका लहान सभागृहात सहभागी मंडळींसाठी अर्ध्या तासाचे प्रास्ताविक मी करतो. गेल्या वर्षी ते संपल्यावर एका तरुण सभासदाने मला मोबाइलवर फिरत असलेला एक मजकूर दाखवला. त्यात पोलंडच्या ईशान्य भागातील विझ्ना या गावाचा उल्लेख ‘पोलंडमधील पावनखिंड’ असा केला होता, आणि ‘७२० पोलिश सैनिकांनी ४२,००० जर्मनांना तीन दिवस रोखले, एकास चाळीस’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. यंदाच्या प्रास्ताविकात याचा उल्लेख करावा असा आग्रह होत आहे. परंतु खात्री केल्याशिवाय व्यासपीठावरून काही बोलू नये, असे माझे मत आहे.

उपग्रहावरून घेतलेला नकाशा उघडून पाहिला तेव्हा तर माझा गोंधळ वाढलाच. खिंड सोडाच, नाव घेण्याजोगा डोंगरही त्या परिसरात दिसत नाही. नदीची वेटोळी आणि दोन्ही बाजूंना पसरलेले हिरवे-तपकिरी पट्टे एवढेच दिसते. मग इतक्या मोकळ्या मुलखात एवढे थोडे लोक एवढ्या मोठ्या सैन्याला अडवू शकले ते कसे, हा माझा पहिला प्रश्न. आकडे कितपत विश्वासार्ह आहेत हा दुसरा. आणि तिसरा असा की, ते तीन दिवस उलटल्यावर त्या गावाचे पुढे काय झाले, याबद्दल त्या मजकुरात चकार शब्द नाही. कोणी सविस्तर लिहील काय?

निवृत्त सॅपर, खडकी

आपण नकाशा पाहून मग प्रश्न विचारलात याचा आनंद वाटला. सॅपर म्हणजे सैन्यात पूल आणि सुरुंग यांचे काम करणारा; आमची उमेदवारी मुळेच्या पात्रावर तरते पूल बांधण्यात गेली, त्यामुळे कोणत्याही लढाईकडे पाहताना आधी नदी, मग पूल आणि मग माणसे, अशी सवय जडली आहे. विझ्नाकडे त्याच क्रमाने पाहिले तर आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

नारेव ही नदी आग्नेयेकडून येऊन वॉमझा शहराकडे, म्हणजे पश्चिमेस, वाहत जाते. विझ्नाच्या किंचित वरच्या अंगाला तिला उत्तरेकडून ब्येब्झा नदी येऊन मिळते. ब्येब्झाचे खोरे म्हणजे युरोपातील सर्वांत मोठ्या पाणथळ प्रदेशांपैकी एक होय. हिमयुगातील बर्फ वितळून वाहिलेल्या पाण्याने कोरलेल्या रुंद, सपाट पात्रात हजारो वर्षे कुजत साचलेल्या वनस्पतींचे थर आहेत, आणि त्यांवरून माणूस कसाबसा चालला तरी चाकांचे वाहन रुतून बसते. १९९३ पासून तेथे राष्ट्रीय उद्यान असून ते पोलंडमधील सर्वांत मोठे आहे. या दलदलीतून पूर्व प्रशिया या उत्तरेकडील तेव्हाच्या जर्मन प्रांताकडून दक्षिणेस उतरण्यासाठी कोरड्या वाटा फारच थोड्या. एक उत्तरेस ओसोव्येत्स येथे, जेथे रशियन झारांनी एकोणिसाव्या शतकात किल्ला बांधला; आणि दुसरी दक्षिणेस विझ्ना येथे, जेथून वॉमझा ते ब्यावीस्तोक हा रस्ता नारेव ओलांडतो. आपल्याकडे खिंड म्हणजे दोन डोंगरांमधील अरुंद वाट. तेथे ती दोन दलदलींमधील कोरडी वाट आहे. कडे नाहीत, पण वाट तितकीच एक.

नदीच्या दक्षिण काठावर, पुलापासून काही किलोमीटर अंतरावर, गुरा स्त्रेंकोव्हा नावाची वस्ती आहे. पोलिश भाषेत ‘गुरा’ म्हणजे डोंगर. आपल्या मंडळींना तेथे नेले तर ‘हा डोंगर?’ म्हणून हसतील, कारण तो पर्वती चढून गेलेल्या माणसाला उंचवटासुद्धा वाटणार नाही. परंतु सपाट, पाणथळ मुलखात नदीच्या पात्राकडे पाहणारा थोडासा उंच काठही तोफखान्याच्या निरीक्षकाला पुरेसा असतो. मुख्य बंकर तेथे होते.

हे बंकर बांधण्यास पोलंडने फार उशीर केला. काम १९३९ च्या वसंतानंतर सुरू झाले आणि १ सप्टेंबरला युद्ध पेटले तेव्हा आखलेल्या बांधकामांपैकी थोडीच उभी राहिली होती. सुमारे ९ किलोमीटरच्या रेषेवर मोजके जड काँक्रीटचे बंकर, त्यांच्या सोबतीला हलके बंकर, आणि उरलेले मातीचे व वाळूच्या पोत्यांचे मोर्चे, असे त्याचे स्वरूप होते. जड बंकरांवर पोलादी घुमट्या बसवलेल्या होत्या. आपल्या किल्ल्यांच्या तटांत ज्यांना जंग्या म्हणतात तशाच त्यांच्या फटी. फरक एवढाच की, त्यांतून बंदुकीऐवजी मशीनगनची नळी बाहेर येते.

ज्यांनी बंद काँक्रीटच्या खोलीतून मशीनगन चालवलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. आमच्या प्रशिक्षणात एकदा अशा खोलीतून दोन पट्टे झाडले होते. पहिला पट्टा संपेपर्यंत कानांत दडे बसले; दुसरा संपेपर्यंत धुराने डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि जमिनीवर पडलेल्या गरम काडतुसांच्या नळ्यांवर आमच्यातल्या एकाचा बूट घसरला. आम्ही दहा मिनिटांत बाहेर आलो आणि चहा प्यायलो. अपुऱ्या बांधलेल्या बंकरात, बाहेरून रणगाड्याची तोफ फटीवर नेम धरून मारा करीत असताना, दिवस-रात्र आत राहणे म्हणजे काय याची कल्पना यावरून करावी.

एका निसर्गाच्या लहरीचाही उल्लेख आवश्यक आहे. १९३९ चा उन्हाळा पोलंडमध्ये अतिशय कोरडा गेला होता आणि नद्यांची पातळी खाली गेली होती. ज्या पाण्यावर संरक्षणाची सारी भिस्त, तेच त्या वर्षी आटले होते.

पेठकरीण

सॅपरकाकांनी भूगोल इतका स्पष्ट मांडला आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी फक्त उच्चार आणि आकडे यांविषयी लिहिते. गावाचे नाव ‘विज्ना’ किंवा ‘विझना’ असे न म्हणता ‘विझ्ना’ असे म्हणावे, आणि त्यातील झ हा ‘झाड’मधला आहे, ‘माझी’मधला नव्हे. आपल्या भाषेत हे दोन्ही उच्चार असल्यामुळे पोलिश नावे आपल्याला हिंदी भाषकांपेक्षा सोपी जातात, असा माझा पोलिश शिकतानाचा अनुभव आहे.

आता आकडे. तो मजकूर स्वतःशीच विसंगत आहे हे कोणाच्या लक्षात आले का? ४२,००० ला ७२० ने भागले तर अठ्ठावन्नहून अधिक येतात, चाळीस नव्हे. ‘एकास चाळीस’ हे घोषवाक्य आणि त्याखालचे आकडे यांचा मेळच बसत नाही, आणि तरीही ते वर्षानुवर्षे एकत्र फिरत आहेत.

४२,००० हा आकडा कोठून येतो तेही पाहावे. जनरल हाइन्झ गुडेरियन याच्या एकोणिसाव्या कोअरचे, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून बनलेल्या सैन्यगटाचे, एकूण बळ साधारण तेवढे होते, आणि त्यात दहावी रणगाडा डिव्हिजन होती. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात ही कोअर पोमेरेनियातून पूर्व प्रशियात आणण्यात आली आणि तेथून दक्षिणेस, बुग नदीवरील ब्रेस्तच्या दिशेने, वॉर्सॉच्या पाठीमागे उतरण्याची कामगिरी तिच्यावर सोपवण्यात आली. म्हणजे विझ्नाच्या वाटेने जाणाऱ्या साऱ्या फौजेची ती गोळाबेरीज आहे; त्यांत वाहनचालक आहेत, तारायंत्रवाले आहेत, भटारखाना आहे. बंकरांवर प्रत्यक्ष चालून गेलेले लोक त्याहून पुष्कळ कमी होते. पोलिश इतिहासकारांनीही गेल्या काही दशकांत हा आकडा तपासून घेतला आहे आणि ७२० पैकी सर्वच जण शेवटपर्यंत लढले नाहीत, रेषेच्या काही भागातील तुकड्या आधीच मागे गेल्या, हेही मांडले आहे.

यामुळे लढाईचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. ७२० माणसे ९ किलोमीटरवर पसरली तर किलोमीटरला ८० माणसे पडतात, म्हणजे साडेबारा मीटरला एक. त्यांच्याजवळ हलक्या तोफा सहा आणि रणगाडाविरोधी बंदुका दोन. अलका टॉकीजच्या चौकापासून मंडईपर्यंत लक्ष्मी रस्त्यावर शे-दीडशे माणसे एका ओळीत उभी करून पाहा, मग लक्षात येईल. खरे आकडेच पुरेसे बोलके असताना त्यांना फुगवण्याची गरज कोणाला आणि का वाटते, हे मला कळत नाही.

सह्यवेडा, कोथरूड

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भागाकार करून पाहण्याचे माझ्याही लक्षात आले नव्हते, याची थोडी लाज वाटते. प्रत्यक्ष लढाईचा क्रम आणि तेथील पोलिश सैनिकांचे प्रमुख कॅप्टन रागिनीस यांच्याविषयी कोणी सांगेल काय? मजकुरात असे आहे की, पोलिश सैनिक शरण आले नाहीत तर कैद्यांना गोळ्या घालू, अशी धमकी गुडेरियनने दिली.

निवृत्त सॅपर, खडकी

आधी एक दुरुस्ती, जी ऐकून आपल्या श्रोत्यांना आश्चर्य वाटेल. विझ्ना गाव नदीच्या उत्तर काठावर आहे, म्हणजे जर्मन ज्या बाजूने आले त्या बाजूला. ७ सप्टेंबरला जर्मनांच्या टेहळणी तुकड्या गावात शिरल्या, पोलिश सैनिक नदीपलीकडे गेले आणि त्यांनी पूल उडवून दिला. तेव्हा ‘विझ्नाची लढाई’ असे जिला म्हणतात ती लढाई विझ्ना गाव पडल्यानंतर, समोरच्या काठावर झाली. पूल वेळेवर उडवणे हे आमच्या पेशातील काम असल्यामुळे त्या अनामिक सॅपरांना मी मनोमन सलाम करतो. पूल शाबूत राहिला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

या रेषेचा प्रमुख होता कॅप्टन व्वादिस्वाव रागिनीस. सीमा संरक्षण दलाचा अधिकारी, वय ३१. तोफखान्याची जबाबदारी लेफ्टनंट स्तानिस्वाव ब्रिकाल्स्की याच्याकडे होती. जिवंतपणी ही जागा सोडणार नाही, अशी शपथ दोघांनी घेतली होती असे सांगितले जाते. ८ तारखेस विमाने आणि तोफा यांचा मारा झाला, ९ तारखेस मोठा हल्ला झाला, आणि त्यानंतर एकेक बंकर वेगळा पाडून तोडण्याचे काम सुरू झाले. रणगाडे फटींवर नेम धरून मारा करतात, त्यांच्या आडोशाने सुरुंगवाले जवळ येतात आणि भिंतीशी स्फोटके लावतात. जगभरच्या सैन्यांत बंकर असाच तोडतात. ब्रिकाल्स्की या धामधुमीत मारला गेला. १० सप्टेंबरला दुपारच्या सुमारास गुरा स्त्रेंकोव्हाचा बंकर तेवढा उरला. दारूगोळा संपला होता आणि आत जखमी पडले होते. रागिनीसने आपल्या माणसांना शस्त्रे टाकून बाहेर जाण्याचा हुकूम दिला, स्वतः आत थांबला आणि हातबॉम्बने आपले आयुष्य संपवले. शपथ त्याने स्वतःपुरती पाळली आणि शिपायांना तिच्यातून मोकळे केले, ही गोष्ट मला लढाईपेक्षाही मोठी वाटते.

धमकीची कथा पोलंडमध्ये सर्वत्र सांगितली जाते, परंतु ती व्याख्यानात पुरावा म्हणून वापरू नये. गुडेरियनने युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींत या ठिकाणच्या विलंबाचे खापर मुख्यतः आपल्याच पायदळाच्या गोंधळावर फोडले आहे. हरलेला सेनापती आठवणी लिहितो तेव्हा त्याही मिठाच्या खड्यासकटच वाचाव्यात.

पेठकरीण

काकांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत. मात्र ‘पावनखिंड’ या शब्दाला माझी हरकत आहे, आणि ती अस्मितेपोटी नाही. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू आणि बांदल मंडळी घोडखिंडीत उभी राहिली ती महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत. पोहोचल्याची खूण म्हणून तोफांचे आवाज ऐकू येणार होते. थांबायचे कोठवर, हे त्यांना ठाऊक होते. विझ्नाच्या बंकरांतील शिपायाला असा कोणताच आवाज ऐकू येणार नव्हता. त्याच्या पाठीशी असलेले घोडदळ आणि पायदळ दुसरीकडे हलवले जात होते, आणि आठवड्याभराने, १७ सप्टेंबरला, पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य पोलंडमध्ये शिरले. साम्य दाखवायचेच असेल तर ते चिंचोळ्या वाटेचे दाखवावे; हेतूचे दाखवू नये.

निवृत्त सॅपर, खडकी

हरकत मान्य. तरीही एक नोंद करतो : त्या वाटेवर जर्मनांचे जे दिवस गेले ते त्यांना ब्रेस्तकडे धावण्यासाठी हवे होते. मागच्या माणसाला तोफ ऐकू आली नाही म्हणून वेळ वाया गेला, असे होत नाही.

करवीरकर, सध्या वारजे

तिसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो. मी मूळचा कोल्हापूरचा असल्यामुळे या विषयाकडे माझे लक्ष वेगळ्याच वाटेने गेले.

सप्टेंबर १९३९ च्या अखेरीस जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी पोलंड वाटून घेतला आणि सीमारेषा आखली तेव्हा विझ्ना, वॉमझा आणि ब्यावीस्तोक हा सारा भाग सोव्हिएतांकडे गेला. म्हणजे ज्यांच्याशी लढाई झाली ते निघून गेले आणि ज्यांच्याशी झाली नव्हती ते मालक झाले. पूर्व पोलंडमधून लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानकडे मालगाड्यांत भरून नेण्याच्या चार मोठ्या लाटा आल्या : १९४० मध्ये फेब्रुवारी, एप्रिल आणि जून, आणि चौथी जून १९४१ मध्ये. ही चौथी लाट ब्यावीस्तोक आणि वॉमझा यांच्या परिसरात चालू असतानाच २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला.

त्यानंतरचा भाग व्याख्यानात सांगणे अवघड आहे, पण वगळू नये असे माझे आग्रहाचे मत आहे. विझ्ना हे शतकानुशतके पोलिश आणि ज्यू अशा दोन्ही लोकांचे गाव होते. १९४१ च्या त्या दिवसांत जर्मनांनी तेथील ज्यूंना गोळ्या घालण्यास सुरुवात केली आणि बरीच कुटुंबे जीव वाचवण्यासाठी जवळच्या येद्वाब्ने या गावी गेली. १० जुलै १९४१ रोजी त्याच येद्वाब्नेमध्ये ज्यू रहिवाशांना एका धान्याच्या कोठारात कोंडून जाळण्यात आले, आणि हे कृत्य जर्मनांच्या चिथावणीने पण स्थानिक पोलिश शेजाऱ्यांच्या हातून झाले. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेने २००० नंतर केलेल्या चौकशीत बळींची संख्या किमान ३४० असल्याचे नमूद केले आहे. विझ्नातून आश्रयाला गेलेली माणसेही त्यांत होती. ज्या तालुक्यात रागिनीसचा बंकर आहे त्याच्याच आसपासची ही घटना. एक सांगायची आणि दुसरी गाळायची, हे मला योग्य वाटत नाही.

आता आपल्याकडे येतो. जुलै १९४१ मध्ये लंडनमधील पोलिश सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, सैबेरियात नेलेल्या पोलिश लोकांपैकी काहींची सुटका झाली, आणि ती माणसे इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतील मुले आधी जामनगरजवळ बालाचडी येथे आली, आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार लोकांची वसाहत उभी राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, सारे तेथे होते. १९४८ पर्यंत ती वसाहत रिकामी झाली आणि त्या जागी फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित वसले. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. माझी आजी सांगत असे की, आठवडी बाजारात पोलिश बायका भाजीवालीशी मराठीत घासाघीस करायच्या आणि ‘नको, महाग’ हे दोन शब्द त्यांना सर्वांत आधी येत. वळिवड्याहून पन्हाळा तासाभराच्या आत आहे. आपली मोहीम सुरू होते तेथून.

पेठकरीण

येद्वाब्नेविषयी लिहिल्याबद्दल आभार. मी ते लिहावे की नाही, या विचारात दोन दिवस काढले.

सह्यवेडा, कोथरूड

प्रास्ताविकाचा आराखडा बदलला आहे. ‘पोलंडमधील पावनखिंड’ हे शीर्षक काढून ‘दोन चिंचोळ्या वाटा’ असे केले. ४२,००० चा आकडा ठेवला आहे, पण तो फळ्यावर लिहून श्रोत्यांकडूनच भागाकार करून घेणार आहे. नकाशा हाताने काढत आहे, कारण उपग्रहाच्या चित्रात दलदल आणि शेत यांतला फरक कोणालाच कळत नाही. करवीरकरांचा भाग अर्ध्या तासात बसत नाही म्हणून प्रास्ताविक चाळीस मिनिटांचे करण्याची परवानगी मागितली आणि ती कुरकुर होऊन मिळाली.

सॅपरकाका, एक शंका : नकाशात गुरा स्त्रेंकोव्हा दाखवताना डोंगराची खूण करू की नको?

निवृत्त सॅपर, खडकी

करू नका, लोक सिंहगड शोधतील. नदीकाठाला एकच बारीक उंचीरेषा काढा आणि तिच्या टोकाला बंकराचा चौकोन. २०११ मध्ये रागिनीस आणि ब्रिकाल्स्की यांचे अवशेष तेथेच पुन्हा दफन करण्यात आले आहेत, तेव्हा चौकोनाशेजारी एक क्रूसही काढावा.

करवीरकर, सध्या वारजे

आणि बस कोल्हापुरातून जाणार असेल तर महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे, तेही पाहून घ्यावे.

सह्यवेडा, कोथरूड

बसचालकांशी बोललो. पन्हाळ्याकडे वळण्यापूर्वी वीस मिनिटे तेथे थांबतो, मात्र चहा त्यातच उरकायचा, असे त्यांनी बजावले आहे.